लमुएल राजाच्या आईचा उपदेश: हे प्रेम की कानउघाडणी? (नीतिसूत्रे, अध्याय 31)

कृष्णाकाठची वाचक, सांगली

सर्वांना नमस्कार. मी मराठीची निवृत्त शिक्षिका आहे. यहुदी किंवा ख्रिस्ती धर्मग्रंथांचा माझा अभ्यास नाही, हे आधीच सांगते. मात्र गेल्या रविवारी मिरजेत एका जुन्या मैत्रिणीच्या घरी जे ऐकले ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

मैत्रिणीचा धाकटा मुलगा दिवाणी न्यायाधीश म्हणून निवडला गेला आणि त्यानिमित्त तिच्याकडे उपकारस्तुतीची प्रार्थना होती. पाळकांची प्रार्थना झाली, दोन गीते झाली, आणि मग आईने मुलासाठी शास्त्रातले काही वाचावे असे ठरलेले होते. अशा वेळी आमच्याकडे औक्षण करतात. तसे काही शब्दांचे औक्षण ऐकायला मिळेल अशा अपेक्षेने मी सावरून बसले. तिने चष्मा लावला, पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, नीतिसूत्रे या ग्रंथाच्या 31व्या अध्यायातील पहिली नऊ वचने सलग वाचली आणि पुस्तक मिटले. लमुएल नावाच्या कोणा राजाला त्याच्या आईने केलेला तो उपदेश होता. आरंभी ती त्याला तीनदा हाक मारते: माझ्या मुला, माझ्या पोटच्या मुला, माझ्या नवसाच्या मुला. या तीन हाका ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होते, तोच पुढच्या वाक्यात ती त्याला बायकांच्या नादी लागू नकोस आणि दारूला शिवू नकोस असे सुनावू लागली. शेवटी ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड, गरिबाचा न्याय कर, असे सांगून ती थांबते. आयुष्य वाढो, यश मिळो, असा एक शब्दही त्यात नाही. मुलगा खाली सतरंजीकडे पाहत उभा होता. मैत्रीण उठली, त्याच्या शर्टाची दुमडलेली कॉलर तिने बोटाने सरळ केली आणि चहाचे पाहायला ती आत निघून गेली.

माझा मुलगा पुण्यात असतो. आमचे रोजचे बोलणे 'जेवलास का' येथे सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते, त्यामुळे हा प्रसंग मला अधिक लागला असेल. ही आई कोण, आणि तिच्या बोलण्यात माया कोठे शोधायची? आणखी एक वचन फारच खटकले. राजाने पिऊ नये, पण जो मरणाच्या दारी आहे आणि ज्याचे मन कडू झाले आहे त्याला मद्य द्या, म्हणजे तो आपले दारिद्र्य विसरेल, असे ती म्हणते. मैत्रिणीने तेही न गाळता वाचले. माझ्या शेजारी बसलेल्या बाई कुजबुजल्या, "हे आमच्या गल्लीतल्या माणसांना ऐकवू नका म्हणजे झाले!" या वचनाचा अर्थ काय लावतात?

मिरजेचा जुना विद्यार्थी

ताई, आपण प्रश्न विचारलात याचा आनंद झाला, कारण या अध्यायाचा उत्तरार्ध, म्हणजे सद्गुणी स्त्रीचे वर्णन, आमच्या मंडळ्यांत प्रत्येक लग्नात वाचला जातो आणि पहिली नऊ वचने मात्र मागे पडतात. पुण्यात धर्मविज्ञान शिकत असताना दोन वर्षे हिब्रू भाषा शिकलो होतो. त्या शिदोरीवर लिहितो.

लमुएल नावाचा राजा इस्राएलच्या किंवा यहूदाच्या राजांच्या यादीत नाही. शीर्षकात 'मस्सा' असा एक शब्द आहे. त्याचा एक अर्थ देववाणी. दुसरी शक्यता अशी की ते एका टोळीचे किंवा प्रदेशाचे नाव असावे, कारण उत्पत्ती या पवित्र शास्त्रातील पहिल्या ग्रंथाच्या 25व्या अध्यायात अब्राहामाचा मुलगा इश्माएल याच्या मुलांमध्ये मस्सा हे नाव आलेले आहे. हिब्रू पाठाच्या परंपरागत विरामचिन्हांप्रमाणे विराम 'राजा' या शब्दावर पडतो आणि 'मस्सा' पुढच्या भागाला जोडला जातो, म्हणून बहुतेक जुनी भाषांतरे देववाणी हाच अर्थ घेतात; तो विराम बाजूला ठेवला तर 'मस्साचा राजा लमुएल' असेही वाचता येते. तसे वाचले तर ही आई इस्राएलबाहेरची, अरबस्तानाच्या वाळवंटाकडची ठरते, आणि तिच्या बोलण्यातील काही शब्द या तर्काला बळ देतात. हिब्रूत मुलाला 'बेन' म्हणतात. ही आई तीनही वेळा 'बर' म्हणते, आणि तो अरामी, म्हणजे हिब्रूच्या नात्यातल्या एका भाषेतला, शब्द आहे. पुढच्याच वचनात राजे या अर्थी तिने वापरलेले अनेकवचनही अरामी वळणाचे आहे. ज्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला त्यांनी तिची बोली सुधारून 'शुद्ध' केली नाही. आपल्याकडे एखाद्याने आजीचे बोलणे लिहून काढताना तिचा 'न्हाई' तसाच ठेवावा, तशातला हा प्रकार वाटतो. विद्वान याची कारणे वेगळी देतील. मला आपले हे कारण आवडते.

आता मायेचा प्रश्न. शीर्षकात 'आईने शिकवले' असे आपण वाचतो. तेथे हिब्रूत जे क्रियापद आहे त्यात शिस्त लावणे, ताडन करणे, वळण लावणे या साऱ्या छटा येतात. त्याच धातूपासून 'मुसार' हे नाम बनते. नीतिसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील आठवे वचन पाहा: मुला, बापाचा 'मुसार' ऐक आणि आईची 'तोरा' सोडू नकोस. म्हणजे ग्रंथाच्या आरंभी शिस्त बापाकडे आहे, आणि आईच्या शिकवणीला 'तोरा' म्हटले आहे. मोशेच्या नियमशास्त्राचेही नाव तेच. ग्रंथ संपत येतो तेव्हा बाप कोठेच दिसत नाही आणि शिस्त लावण्याचे ते क्रियापद आईच्या वाट्याला आलेले असते. नीतिसूत्रांत शलमोन राजाच्या नावाची शीर्षके आहेत, आगूर नावाच्या एका माणसाचे आहे; स्त्रीची शिकवण म्हणून दिलेले शीर्षक एवढे एकच.

तीन हाकांविषयी एक बारकावा सांगतो. मुळात 'मा ब्री, उमा बर बित्नी, उमे बर नेदाराय' असे शब्द आहेत. 'मा' म्हणजे काय. 'काय, माझ्या मुला. आणि काय, माझ्या पोटच्या मुला. आणि काय, माझ्या नवसांच्या मुला.' यात क्रियापदच नाही, वाक्य पुरे होत नाही. भाषांतरकारांना अर्थ पुरा करण्यासाठी 'मी तुला काय सांगू' यासारखे काहीतरी पदरचे घालावे लागते, आणि मग मुळातला तो अडखळलेला श्वास हरवतो.

बागायतदार, तासगाव तालुका

मी शास्त्री नाही, द्राक्षवाला आहे, तरी मद्याच्या वचनावर बोलण्याचा थोडा अधिकार सांगतो. आमची बाग बेदाण्याची आहे. वाईनच्या कारखान्यांच्या गोष्टी पलूसकडे बऱ्याच ऐकल्या, पण आमच्या आईने मांडवाखाली उभे राहून एकदाच सांगितले होते की या घरातला माल रॅकवर वाळेल, पिंपात आंबणार नाही, आणि तो विषय तेथेच संपला.

गरिबाला मद्य पाजा म्हणजे तो दारिद्र्य विसरेल, हे वचन मला सरळ अर्थाने मान्य नाही. दारिद्र्य विसरलेली माणसे मी गावात रोज पाहिली आहेत. ते विसरतात, आणि त्यांच्या बायकापोरांना दुप्पट लक्षात ठेवावे लागते. आमच्या गावातले दुकान बंद करण्यासाठी जेव्हा बायकांचे मतदान झाले, तेव्हा आडव्या बाटलीवर शिक्का मारायला आई गुडघे दुखत असताना चालत गेली होती. त्यामुळे मी हे वचन उपरोधाने वाचतो. ती राजाला म्हणत असावी: अरे, प्यायचे कारण कोणाला असते? ज्याचे सगळे बुडाले त्याला. तुझे काय बुडाले आहे? आमच्याकडची कोणतीही आई असेच बोलेल. वरच्या सरांनी म्हटल्याप्रमाणे ती बोली भाषेत बोलत असेल, तर बोली भाषेतला टोमणाही तिला येत असणार.

जाता जाता, त्याच अध्यायाच्या उत्तरार्धातील एक वचन मला फार आवडते. ती स्त्री शेत पारखून घेते आणि आपल्या हातच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. ज्याने डॉगरिज जातीच्या द्राक्षखुंटावर कलम करून बाग उभी केली आहे त्याला कळेल की पहिले पीक हाती येईपर्यंत दीड-दोन वर्षे नुसते घालत राहावे लागते. आधी 'पारखून' आणि मग 'लावते' हा क्रम लिहिणाऱ्याला शेती ठाऊक होती. तर एकाच अध्यायात एक बाई द्राक्षमळा लावते आणि दुसरी मुलाला द्राक्षारसापासून लांब ठेवते. आमच्या घरात ही दोन्ही कामे एकीनेच केली.

माहेर सातारा, सासर ठाणे

मी बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातील मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातील आहे. वडिलांच्या नोकरीमुळे बालपण साताऱ्यात गेले आणि तेथे आमचे एकच घर असल्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे, म्हणजे आमच्या साप्ताहिक विश्रामदिनाचे, दिवे लावताना शेजारची मुले दारात उभी राहून पाहत असत. त्या संध्याकाळी या अध्यायाचा उत्तरार्ध, 'एशेत हयिल', गाण्याची रीत जगभरच्या यहुदी घरांत आहे. त्यातील बावीस वचने हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांनी क्रमाने सुरू होतात, त्यामुळे लहानपणी आम्हा भावंडांना तो अक्षरे घोकण्याचा खेळच वाटे. पुढे विचारपूर्वक वाचले तेव्हा पूर्वार्धातील आईकडे लक्ष गेले.

तासगावच्या दादांचा उपरोधाचा अर्थ मला पटतो, तरी आमच्या परंपरेने हे वचन शब्दशः आचरणातही आणले होते. तालमुद या आमच्या जुन्या धर्मग्रंथातील सनहेद्रिन या भागात असे सांगितले आहे की देहान्ताची शिक्षा झालेल्या माणसाला शेवटच्या वाटेवर नेताना ऊद घातलेला द्राक्षारस देत असत, जेणेकरून त्याची शुद्ध हरपावी, आणि त्याला आधार म्हणून याच वचनाकडे बोट दाखवले आहे. तो द्राक्षारस यरुशलेमेतील प्रतिष्ठित स्त्रिया स्वखुशीने देत असत, अशीही नोंद तेथे आहे. मरणाच्या दारी असलेला माणूस म्हणजे कोण, याचे उत्तर त्या काळच्या बायकांनी असे शोधले होते. गुत्त्यातल्या रोजच्या पेल्याशी त्याचा संबंध नाही.

शिवाय या वचनांची बांधणी पाहावी. राजाने पिऊ नये, का? तर तो पिऊन 'विसरेल', म्हणजे विधिनियम विसरेल आणि पिडलेल्यांचा न्याय बिघडवील. दुःखिताला द्या, का? तर तो पिऊन 'विसरेल', म्हणजे आपले दारिद्र्य विसरेल. दोन्हीकडे क्रियापद एकच आहे. विसरणे ही एकाला दया आहे आणि दुसऱ्याच्या हातून घडणारा अन्याय आहे. ज्याच्या विसरण्याने दुसऱ्याचे घर उठते, त्याला विसरायची मुभा नाही, असे ती मुलाला बजावते.

त्याच भागात एक आख्यायिका आहे. तिच्यात लमुएल म्हणजे शलमोन आणि त्याची आई म्हणजे बथशेबा असे धरले आहे. ती मुलाला खांबाला बांधते आणि मग हे बोल सुनावते. इतिहास म्हणून कोणी तिकडे पाहू नये, पण 'शिकवले' या क्रियापदात ताडनाची छटा आहे हे मिरजेच्या सरांचे म्हणणे जुन्या रब्बींना, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनाही, जाणवले होते, एवढे त्यातून कळते.

मला मात्र या नऊ वचनांत बथशेबेपेक्षा हन्ना अधिक ऐकू येते. रोश हाशाना, म्हणजे आमच्या नववर्षाच्या पहिल्या दिवशी, सभास्थानात हन्नेची कथा वाचतात. मूल होत नाही म्हणून ती शिलो येथील मंदिरात रडत प्रार्थना करते आणि मुलगा झाला तर तो परमेश्वराला वाहीन असा नवस बोलते. तिचे ओठ हलतात, आवाज येत नाही. एली याजकाला वाटते, बाई प्यालेली आहे. ती उत्तर देते की मी द्राक्षारस किंवा मद्य घेतलेले नाही, मी माझे मन परमेश्वरापुढे ओतत होते. आता लमुएलच्या आईचे शब्द शेजारी ठेवून पाहा. नवसाचा मुलगा. द्राक्षारस आणि मद्य, हिब्रूत तीच जोडी, 'यायिन' आणि 'शेखार'. मन कडू झालेल्यांसाठी तिने वापरलेला शब्दप्रयोग हन्नेच्या वर्णनातही जसाच्या तसा आलेला आहे. आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तोंड उघड, हे वाचताना आवाज न फुटलेली ती बाई माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते. एलीने त्या दिवशी तिच्यासाठी तोंड उघडले खरे, पण आधी तिला दटावण्यासाठी.

हन्नेने त्या नवसाच्या मुलाला, शमुवेलाला, केलेला उपदेश ग्रंथात कोठेही दिलेला नाही. ती दूध तोडल्यावर त्याला शिलोत सोडते, आणि मग दरवर्षी यज्ञाच्या वेळी जाताना त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून नेते. एवढेच. वर्षभर न पाहिलेल्या मुलाच्या अंगाचे माप ती कसे धरत असेल, याचा विचार मी माझा मुलगा वसतिगृहात होता तेव्हा दर दिवाळीला केला आहे. पुढे शमुवेल म्हातारा होऊन मरतो, आणि शौल राजा एन-दोर येथील, मृतांना बोलावणाऱ्या एका बाईकडून त्याला वर बोलावतो, तेव्हा ती बाई सांगते की एक म्हातारा वर येत आहे आणि त्याने झगा पांघरला आहे. हिब्रूत शब्द तोच, 'मेईल'. शौल त्या झग्यावरूनच त्याला ओळखतो.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी

चर्चा सुंदर चालली आहे, तरी एक गोष्ट कोणीच बोलत नाही म्हणून लिहिते. "तुझे बळ स्त्रियांना देऊ नकोस" हे वाक्य आईच्या तोंडी घालून पुरुषांनी आपलेच म्हणणे मांडले आहे, असे मला वाटते. राजाच्या नाशाला बाई कारण, हा जुनाच सूर आहे. आणि लमुएलचे निदान नाव तरी आले. आईचे नावही कोणाला लिहावेसे वाटले नाही. अशा उपदेशाला आईची माया म्हणायला मी तयार नाही. शिवाय उत्पत्तीतील रिबकाही आईच होती. "माझ्या मुला, माझे ऐक" असे म्हणतच तिने याकोबाला आंधळ्या बापाला फसवायला लावले. आईचा सल्ला आहे म्हणून तो शहाणपणाचाच असतो, हे कोणी ठरवले?

मिरजेचा जुना विद्यार्थी

आपला आक्षेप रास्त आहे आणि तो मी पूर्णपणे खोडू शकत नाही. हा ग्रंथ पुरुषांनी जतन केला, पुरुषांसाठी केला, हे खरेच आहे.

तरीही 'बळ' या शब्दाकडे एकदा पाहावे अशी विनंती आहे. तिसऱ्या वचनात आई जे देऊ नकोस म्हणते ते 'हयिल'. दहाव्या वचनापासून जिचे वर्णन येते ती 'एशेत हयिल', म्हणजे त्याच हयिलची स्त्री. सैन्याला, पराक्रमाला, संपत्तीला हाच शब्द लावतात. मराठीत आम्ही 'सद्गुणी' म्हणून त्याची धार बोथट करतो. ज्याने दोन्ही भाग शेजारी ठेवले त्याच्या कानाला हे जाणवलेच असणार. त्याचप्रमाणे आठव्या आणि नवव्या वचनांत आई मुलाला 'तोंड उघड' असे दोनदा सांगते, आणि सव्विसाव्या वचनात ती स्त्री तोंड उघडते तेव्हा शहाणपण बोलते आणि तिच्या जिभेवर दयेची 'तोरा' असते. आई ज्या दोन प्रकारच्या गरिबांची नावे घेते त्यांच्याकडेच विसाव्या वचनात त्या स्त्रीचा हात पुढे होतो. आई मुलाला जे कर म्हणते ते एक स्त्री करून दाखवत आहे, असा माझा वाचनानुभव आहे. अर्थात हे दोन भाग मुळात एकत्र होते असा दावा मी करणार नाही, कारण जुन्या ग्रीक भाषांतरात ते एकमेकांपासून दूर, वेगळ्या जागी आहेत.

रिबकेविषयी आपण म्हणता ते अगदी बरोबर आहे, आणि मला वाटते ग्रंथालाही ते ठाऊक आहे. ती मुलाला म्हणते, शाप लागला तर मला लागो. मग फसवला गेलेला तिचा थोरला मुलगा एसाव याच्या रागापासून याकोबाला वाचवण्यासाठी ती त्याला "थोडे दिवस" आपल्या भावाकडे जा असे सांगते. त्या थोड्या दिवसांची वीस वर्षे होतात आणि माय-लेकरांची पुन्हा भेट झाल्याचे उत्पत्तीत कोठेही लिहिलेले नाही. तिच्या मायेवर मी शंका घेणार नाही. तिचा सल्ला मात्र घरापुरता होता. घराबाहेर ज्याचे नुकसान होते तो तिच्या बोलण्यात येत नाही, आणि येथे तर नुकसान झाले तेही तिच्याच दुसऱ्या मुलाचे.

जाता जाता एक गोष्ट आपल्याला आवडेल. पंडिता रमाबाईंनी संपूर्ण पवित्र शास्त्र मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून मराठीत आणण्याचे काम केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये केले आणि 1922 साली मृत्यूपूर्वी ते पुरे केले. रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी. तेव्हा लमुएलच्या आईचे बोल एकदा तरी आईकडून विद्या घेतलेल्या बाईच्या हातून मराठीत आले.

संस्कृतचा शिक्षक, वाई

विषय सोडून जात नाही, एक तुलना सुचते तेवढी मांडतो. महाभारताच्या उद्योगपर्वात कुंती कृष्णाजवळ आपल्या मुलांसाठी निरोप देते, तेव्हा ती विदुलेची कथा सांगते. सिंधुराजाकडून हरून आलेला विदुलेचा मुलगा हातपाय गाळून पडला आहे आणि ती त्याला इतके टाकून बोलते की वाचणाऱ्यालाच अवघडून जावे. क्षणभर भडकून जळणे बरे, फार काळ धुमसत राहणे बरे नव्हे, हे प्रसिद्ध वाक्य तिचेच.

दोन्ही आया राजमाता, दोघींची भाषा कडक. पण विदुला मुलाला म्हणते, तू माझ्या पोटचा नाहीस, बापाचाही नाहीस, आलास तरी कोठून? ती नाते तोडून त्याला डिवचते. लमुएलची आई नेमके उलट करते. आधी तीनदा नाते सांगते, पोटाचे आणि नवसाचे, आणि त्या अधिकाराने बोलते. विदुलेला मुलाने गेलेले राज्य परत मिळवायला हवे आहे. लमुएलच्या दरबारात जी माणसे येणार आहेत आणि ज्यांना आपली बाजू मांडता येणार नाही, त्यांची काळजी त्याच्या आईला आहे. तिच्या नऊ वचनांत राज्य वाढव, शत्रू जिंक, असे काहीच नाही. मला वाटते मूळ प्रश्नाचे उत्तर येथे आहे: ताईंना माया दिसली नाही, कारण त्या ती मुलाच्या दिशेने शोधत होत्या.

कृष्णाकाठची वाचक, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या ताईंचा आक्षेप माझ्याही मनात आहे आणि तो तसाच राहू देते. हन्नेच्या झग्याविषयी वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

काल मिरजेला जाऊन मैत्रिणीला हे सर्व वाचून दाखवले. तिला हिब्रू येत नाही, पण 'मा' म्हणजे 'काय' आणि वाक्याला क्रियापद नाही, हे ऐकल्यावर ती हसली आणि म्हणाली, "मग त्यात अडायचे काय? 'काय रे' म्हणते आहे ती." मी चाळीस वर्षे मराठी शिकवली, तरी हे मला सुचले नव्हते. काय रे माझ्या बाळा, काय रे माझ्या पोटच्या पोरा, काय रे माझ्या नवसाच्या. आपल्या 'काय रे'लाही क्रियापद लागत नाही. मूल शाळेतून उशिरा आले तरी आई तेच म्हणते आणि तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसूनही तेच म्हणते. ते कोणत्या अर्थाने म्हटले हे मुलाला आवाजावरून कळते.

मद्याचे वचन तू का गाळले नाहीस, असेही मी तिला विचारले. तिने सांगितले की तिच्या सासऱ्यांच्या शेवटच्या आजारात, दुखणे असह्य झाल्यावर, डॉक्टरांनी गुंगीचे औषध सुरू करू का असे विचारले होते आणि घरात कोणाचेच तोंड उघडेना. तेव्हा तिनेच हो म्हटले. हा मुलगा त्या वेळी दहावीत होता आणि दाराआड उभा राहून ऐकत होता.

मुलगा पुढच्या सोमवारी रुजू होतो आहे. त्याच्या बॅगेत काय काय भरले हे ती मला दाखवत होती: दोन पांढरे शर्ट, काळा कोट, शेंगदाण्याची चटणी, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले घरातले जुने पवित्र शास्त्र. तेवढ्यात त्याचा फोन आला. तिने तो कानाला लावला आणि म्हणाली, "काय रे?"